रुमालाशिवाय सौदा

ते पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, त्या यादीत पहिलं नाव माझं धरा.

पत्रकं लिहिणं हे मला बऱ्यापैकी जमणारं एकच काम. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून आमच्या सात-आठ जणांच्या गटासाठी मी ती लिहितेय. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी का, गटारीवरची फरशी गेली कुठं, सिटी बस बंद पडली तर बिडी कारखान्याच्या बायकांनी जायचं कसं. मथळा सहा शब्दांच्या आत, पहिल्या वाक्यात राग, शेवटच्या वाक्यात ठिकाण आणि वेळ, एवढं मला झोपेतही जमतं. मधला मजकूर कुणी वाचत नाही. तरी तो खरा लागतो, कारण एखादा वाचतोच.

आम्ही मोबाईलचा फुकट वर्गही घ्यायचो. दर रविवारी सकाळी, विणकरांच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, वयस्कर माणसांसाठी. अक्षरं मोठी कशी करायची, टॉर्च बंद कसा करायचा, बोलून टाईप कसं करायचं, ओटीपी मागणाऱ्याला काय सांगायचं. मी सगळ्यात जीव तोडून एकच गोष्ट शिकवायचे. आलेल्या लिंकवर पटकन टिचकी मारायची नाही, बोट धरून ठेवायचं. मग पूर्ण पत्ता दिसतो. तो शेवटापर्यंत वाचायचा, कारण डाव शेवटाला असतो.

आबा, म्हणजे माझे वडील, या वर्गाला यायचे. एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ते रात्रपाळीचे वॉचमन. ड्युटी संपली की त्याच खाकी शर्टात सरळ हॉलवर. मागच्या रांगेत बसायचे आणि मला मॅडम म्हणायचे.

"मॅडम, ह्यो टॉर्च आपोआप लागतुया. खिसा गरम झाला की."

पुढच्या रांगेत एक अक्का बसायची. बिडी वळणारी, घरात तेलुगू बोलणारी, कुणाचं काही ऐकून न घेणारी. ती पहिल्याच दिवशी मागं वळून म्हणाली, "मॅडम काय म्हणतोस अण्णा? पोरगी हाय तुझी. नाक बघ की दोघांचं!"

सगळा वर्ग हसला. आबा म्हणाले, "हितं मॅडमच. घरी गेल्यावर बघतो तिच्याकडं."

असा तो वर्ग होता. मग सोसायटीनं हॉलचं भाडं मागितलं आणि आमच्याकडं ते नव्हतं. त्याच आठवड्यात सर आले.

सर म्हणजे इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच जास्त. शेअर बाजाराचे क्लास घ्यायचे. म्हणाले, "ताई, तुम्ही लोकांना मोबाईल चालवायला शिकवता. तो चालवून जायचं कुठं, ते मी शिकवतो. चार रविवार द्या. फुकट. हॉलचं भाडं वर्षभर माझ्याकडं."

आमच्या गटातला एक जण चिडला. "आपण टँकरवाल्यांवर लिहितो आणि हे चालतं का तुला?" मी म्हटलं, हॉल गेला तर वर्ग गेला. आणि शिकण्यात वाईट काय आहे? श्रीमंतांनीच का शिकायचं? हे बोलताना मला माझाच आवाज फार आवडला होता, ते आठवतंय.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा: बाजार आता तुमच्या खिशात. खाली चार वाक्यं, त्याखाली मोठा चौकोनी क्यूआर कोड. सरांनी लिंक पाठवली, मी माझ्याच मोबाईलवर तिचा कोड केला आणि कागदावर चिकटवला. पाचशे प्रती काढल्या. चहाच्या गाड्यांवर, पिठाच्या गिरणीत, टेलरच्या दुकानात मी स्वतः लावून आले. आणि एक घरी आईच्या भाकरीच्या डब्यावर ठेवलं. आई घरी कडक भाकऱ्या करून दुकानाला देते, त्यामुळं तो डबा घरात सगळ्यांच्या नजरेसमोर असतो.

आबांनी ते पत्रक उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "बाजार" या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो मला कळतो."

खरंच कळायचा. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. आबांनी तीस वर्षं सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जनावरांची दलाली केली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. हजार की शेकडा, ते जनावराकडं बघून दोघांनाही ठाऊक असतं. बाजूला उभ्या असलेल्या शंभर माणसांना काही कळत नाही. त्या दोघांना मात्र आकड्याच्या पलीकडचंही कळतं. आबा म्हणायचे, गरजू माणसाचा तळवा ओला असतो आणि लबाडाची बोटं घाई करतात. लोक आबांना मध्ये घ्यायचे ते या हातासाठी.

मग गुडघे गेले, रान कमी झालं, आम्ही सोलापुरात आलो. आबांची बारा मेंढरं तेवढी चुलत्याकडं गावात राहिली. चुलता अजून फोनवर "तुझी बारा" असंच म्हणतो. आबांचं गावात तेवढंच उरलंय.

सरांनी पहिल्या रविवारी भिंतीवर भावाच्या चढ-उताराच्या हिरव्या-लाल कांड्या दाखवल्या. सकाळी घ्यायचं, दुपारी बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं. घेतानाच ठरवायचं की भाव अमुक इतका पडला तर आपोआप विकून टाक. त्याला स्टॉपलॉस म्हणतात. आणि खात्यात जेवढे पैसे आहेत त्याच्या कितीतरी पट माल दिवसापुरता उचलता येतो, असंही सांगितलं. भाव थोडा चढला की फायदा मोठा. पडला तर तोटाही तितकाच मोठा, हे सरांनी सांगितलं का? सांगितलं. पण फळा पुसता पुसता.

आबा मागून म्हणाले, "म्हंजी सकाळी घ्यायचं आन बाजार उठायच्या आत इकायचं. दलालीच की ही."

"करेक्ट, काका!" सर म्हणाले. "तुम्ही तर जन्मजात ट्रेडर."

आबांचं खातं मी उघडून दिलं. घरी, दुपारी, आईच्या भाकऱ्या वाळत असताना. आधार झालं, पॅन झालं, मग अॅपनं आबांचा चेहरा मागितला. गोलात तोंड आणा. डोळे मिचकवा.

आबा टक लावून बघत राहिले.

"आबा, मिचकवा की."

"मिचकवलं."

"कधी?"

"मगाशी. त्यानं बघितलं न्हाय तर मी काय करू?"

आई पिठाच्या हातानं पदर तोंडाला लावून हसत होती. चौथ्या खेपेला आबांनी दोन्ही डोळे असे गच्च मिटले की अॅपनं लिहिलं, चेहरा ओळखता येत नाही. आई म्हणाली, "तीस वर्सं झाली, मलाबी वळकाय येत न्हाय त्यो." पाचव्या खेपेला जमलं.

मग प्रश्न आला: व्यवहाराचा अनुभव किती? मी मोठ्यानं वाचला.

"तीस वर्सं," आबा म्हणाले.

खाली यादी होती. नवीन, एक वर्ष, दोन ते पाच, पाचपेक्षा जास्त. मी हसले आणि शेवटच्यावर टिचकी मारली. त्यानंतर बारीक अक्षरांचं एक लांब पान आलं. त्यात, पुढं वाचलं तेव्हा कळलं, अशा एका दिवसाच्या व्यवहारात बहुतेकांचं नुकसान होतं असं सरळ लिहिलं होतं. त्या दिवशी मी बोटानं ते पान वर सरकवलं आणि "मान्य आहे" दाबलं. लोकांना शेवटापर्यंत वाचा म्हणून घसा कोरडा करणारी मी.

पैसे आईच्या भिशीचे होते. तिचा नंबर नुकताच लागला होता. घरावरचे पत्रे बदलायचे होते. आबा म्हणाले, पावसाळ्याला अजून अवकाश हाय, तवर फिरवून देतो. आईनं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. आबा सकाळी ड्युटीवरून यायचे आणि झोपायचं सोडून सव्वानऊला ओट्यावर मोबाईल घेऊन बसायचे. कधी शंभर सुटायचे, कधी तीनशे. एकदा गरम भजी घेऊन आले आणि आईला म्हणाले, "खा, मोबाईलनं दिलीया." वर्गात त्यांचा भाव वधारला. लोक त्यांना विचारायला लागले आणि मला बाजूला सारून ते मागच्या रांगेत स्वतःचाच एक वर्ग घ्यायला लागले. मला त्याचा अभिमान वाटत होता. हेही लिहून ठेवते.

मग तो मंगळवार. आबांनी सकाळी एका कंपनीचा माल घेतला, उचल घेऊन भरपूर घेतला. अकराला भाव पडायला लागला. मी घरीच होते. म्हटलं, "स्टॉपलॉस कितीला लावलाय?"

"लावला न्हाय."

"का?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. "पडलेलं जनावर बाजारात सोडून येणारा मी हाय व्हय? पडलं तर त्याला उठवायचं असतंय."

आणि त्यांनी उठवायचा प्रयत्न केला. राहिलेले पैसे त्याच मालात घातले. आजारी मेंढराला वेगळं बांधून पेंड चारतात, तसं. एक वाजता आणखी पडला. दोनला आणखी. आबा जेवले नाहीत. मोबाईल खाली ठेवला नाही. "दम धर की," असं त्या आकड्याला म्हणत होते. मी शेजारी बसून "विका, आबा, विका" म्हणत होते आणि माझ्याच कानाला ते सरांसारखं वाटत होतं.

तीन वाजून वीस मिनिटांच्या आसपास अॅपनं तो माल स्वतःच विकून टाकला. उचलीवर घेतलेला माल त्याच दिवशी विकायचा असतो. आपण नाही विकला तर ते विकतात, वर त्याची फीही लावतात. आबांना हे माहीत होतं, पण ऐकून माहीत होतं. आपल्या हातातलं जनावर कुणीतरी सोडवून नेतं तेव्हा कसं वाटतं, ते आधी कुठं माहीत असणार?

"कुणी इकलं?"

"अॅपनं, आबा."

"मला न इचारता?"

"तसा नियम आहे."

"मग घेतलं कुणी? इकलं म्हंजी कुणीतरी घेतलं असंल की. समोर कुणाचा हात हुता?"

कोण, ते मला आजही माहीत नाही. कुणीतरी होतं. एखादा माणूस, एखादं मशीन, शंभर जण. आबा उत्तरासाठी थांबले होते, खरंच थांबले होते, आणि पत्र्यांचे पैसे जवळजवळ सगळे गेले होते.

मी सरांकडं गेले. त्यांच्या ऑफिसात एसी होता. सर म्हणाले, "ताई, मार्केटला इमोशन कळत नाही. काकांनी डिसिप्लिन पाळली नाही. त्यांना म्हणावं कॅपिटल वाढवा, एका चांगल्या दिवसात रिकव्हर होईल." मी विचारलं, यात तुमचं काय? ते हसले. "माझं? मी समाजसेवा करतो, तुमच्यासारखीच."

तुमच्यासारखीच. ते मी घरापर्यंत घेऊन आले.

पुढच्या रविवारी अक्का वर्गात लवकर आली. हातात माझं पत्रक आणि तिचा मोबाईल. बसली नाही.

"ए पोरी, तू शिकवलीस ना, बोट धरून ठेव म्हणून? ह्या चौकोनावर मोबाईल धरला. लगेच उघडला नाय, पत्त्यावर बोट धरून ठेवलं. आता शेवटाला बघ. हे कुणाचं नाव?"

पत्त्याच्या शेवटाला सरांचं नाव होतं आणि पुढं एक आकडा. माझ्या पत्रकावरून जो जो खातं उघडेल तो सरांच्या नावावर लागणार, आणि तो जितके सौदे करेल त्यातला वाटा सरांना मिळणार. माणूस कमावो नाही तर बुडो, सौदा झाला की वाटा. हे मला दहा मिनिटं शोधल्यावर कळलं. पाचशे प्रती काढण्याआधी ही दहा मिनिटं मला सुचली नव्हती.

"माझ्या पोरानं ह्याच्यावरनंच उघडला," अक्का म्हणाली. "यंत्रमागावरचा पगार घालतोय दर हप्त्याला. मी म्हटलं, उघड, पोरीचं पत्रक हाय."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ठेव तुझ्याकडं. तुला काय मिळालं ते सांग."

"हॉलचं भाडं."

तिनं हॉलभर नजर फिरवली. भिंतीचे पोपडे, तीन पंखे, त्यातला एक बंद. "एवढ्याला?" म्हणाली आणि गेली. परत वर्गाला आली नाही.

त्या दुपारी मी पत्रकं काढत फिरले. पुष्कळशी आधीच गेलेली होती. टेलर काढू देईना. "असू दे ताई, मागची बाजू कोरी हाय, मापं लिवाय बरी पडतीया." मी संध्याकाळी घरी आले तर आबा फोनवर चुलत्याशी बोलत होते.

"बाराच्या बारा. व्हय, सगळी. येत्या रविवारी आण बाजारात."

फोन ठेवल्यावर मी भांडले. सगळं सांगितलं, सरांचं नाव, वाटा, सगळं. पत्रकात लिहावं तसं मुद्द्यामागून मुद्दा. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यो चोर असंल. पण माल तर चोराचा न्हाय न्हवं? बारा मेंढरांचं घातलं तर एका चांगल्या दिवसात तुझ्या आईचं पत्रं निघत्यात."

एका चांगल्या दिवसात. शब्द सरांचे, तोंड आबांचं. आई भाकरी थापत होती. मंगळवारपासून ती आमच्या दोघांशीही कामापुरतं बोलत होती. त्या संध्याकाळी तेवढंही बोलली नाही.

रविवारी मी आबांबरोबर पहाटेच्या एसटीनं सांगोल्याला गेले. अडवता येत नव्हतं, निदान डोळ्यांदेखत होऊ दे, म्हणून. चुलत्यानं टेम्पोतून मेंढरं उतरवली. तो आबांशी एक शब्द बोलला नाही. फक्त दावी त्यांच्या हातात दिली आणि चहाला गेला. बारांत तीन नर, नऊ माद्या. त्यातल्या पाच गाभण.

दुधनीकडचा एक व्यापारी आबांना लांबूनच ओळखून आला. म्हातारा, बोलण्यात निम्मं कन्नड. खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. मी दोन हात अंतरावर उभी होते. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. मग बराच वेळ हललाच नाही. मला वाटलं ठरला सौदा.

व्यापारी म्हणाला, "याक? गाभण हाईत की ह्या. आत्ता का इकालास?"

आबांनी मान मेंढरांकडं वळवली.

"हात का ओला हाय रे तुझा?"

तीस वर्षं आबांनी दुसऱ्यांचे तळवे वाचले होते. म्हाताऱ्यानं हात सोडला नव्हता. भावही वाढवला नव्हता. तो नुसता धरून उभा होता आणि आबांच्या तोंडाकडं बघत होता. गरजू माणूस समोर सापडलाय, पाडून भाव मागता येईल, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो विचारत होता.

आबांनी हात बाहेर काढला. शर्टाला पुसला.

"ह्या न्हाय," ते म्हणाले. "ह्ये तीन नर बघ."

तीन नर गेले. नऊ माद्या चुलत्यानं परत टेम्पोत चढवल्या. चढवताना पहिल्यांदा बोलला, "तुझी नऊ," एवढंच. त्या पैशांत अर्धेसुद्धा पत्रे येणार नाहीत. आबांनी नोटा आईला द्यायला माझ्याकडं दिल्या, स्वतः दिल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मंगळवेढा मागं पडलं. आबा एकदम म्हणाले, "त्या अॅपानं मला काय काय इचारलं हुतं गं?"

"आधार. पॅन. डोळे मिचकवा म्हणालं."

"आन?"

"अनुभव किती, ते."

"का इकालास, असं कदी इचारलं?"

"नाही."

"घेताना?"

"नाही, आबा."

घरी आल्यावर त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "बंद कर ते. आन माझी तीस वर्सं लिवलीस न्हवं त्यात, ती काढ तितनं."

खातं बंद करायचा फॉर्म शोधायला, उघडण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. तो अगदी तळाला होता. शेवटी कारण विचारलं होतं, त्याची यादी होती: दुसरीकडं खातं आहे, फी जास्त वाटते, वापर नाही, इतर. मी "इतर" दाबलं. छोटी चौकट उघडली.

"काय लिहू?"

आबांनी विचार केला. "समोर कोण हाय ते दिसत न्हाय. असं लिव."

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. खाली बारीक अक्षरांचं पान होतं. या वेळी मी ते वाचलं, शेवटापर्यंत, मोठ्यानं. खातं बंद झालं तरी दिलेली सगळी माहिती काही वर्षं कंपनीकडं जपून ठेवली जाईल, असं त्यात होतं.

"म्हंजी ती तीस वर्सं तितंच राहणार?"

"व्हय, आबा."

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, शर्टाच्या टोकानं काच पुसली, खिशात टाकला आणि ड्युटीला निघून गेले. टॉर्च लागलेलाच होता. खाकी खिशातून दिसत होता. मी हाक मारली नाही.